बाई, यात संघर्ष कुठाय?

आमच्या सरांना संघर्ष फार लागायचा. एखाद्याला जेवताना लोणचं लागतं ना, तसा. पानात नसला की बोटं आखडायची आणि चेहरा पडायचा. "छान लिहिलंय हो, पण यात संघर्ष कुठाय?" हे वाक्य मी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दर रविवारी ऐकत होते, आणि बहुतेक वेळा ते माझ्याच कथेला उद्देशून असायचं.

गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचं कथामंडळ भरायचं. सर कॉलेजातून मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या स्वतःच्या कथा आमच्यापैकी कुणीही वाचलेल्या नव्हत्या, पण त्या फार ताकदीच्या होत्या यावर सगळ्यांचं एकमत होतं. ते फळ्यावर एक गोल काढायचे. हा माणूस. मग लांब दुसरा गोल. हे त्याला हवंय. आणि मध्ये खडू मोडेल इतक्या जोरात एक आडवी रेघ. "ही रेघ म्हणजे संघर्ष! रेघ नाही तर कथा नाही. कथानक म्हणजे काय, तर माणूस त्या रेघेवर डोकं आपटतो ते."

झालं! पुढच्या रविवारी सगळे आपापली डोकी घेऊन हजर.

विमावाले काका प्रत्येक कथेत कुणाला तरी ट्रकखाली घालायचे. आठवडाभर लोकांना मरणाची भीती दाखवायची आणि रविवारी ती खरी करून दाखवायची, असा त्यांचा शिरस्ता. पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार यायचे, त्यांच्या कथेत गारपीट व्हायची आणि ती बरोबर बांधापर्यंत येऊन थांबायची. खलनायकाची बाग झोपायची, नायकाच्या बागेत एक मणी हलायचा नाही. आणखी एक होत्या सिस्टर, म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्या फारसं लिहायच्या नाहीत. मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन विणत विणत ऐकायच्या आणि माणसं मेली की चष्म्यावरून बघायच्या, बस.

मी एका कचेरीत टायपिस्ट. माझ्या कथेत कुणी मरायचं नाही. एक बाई भावजयीकडून डबा परत यायची वाट बघते, एक माणूस बदलीची बातमी बायकोला सांगत नाही, असलं माझं लिखाण. सर हताश व्हायचे. "बाई, निदान त्या डब्याला आग तरी लावा," असं ते एकदा म्हणाले आणि सगळे खो खो हसले. मीही हसले, काय करणार! मनात म्हटलं, तुमच्या कथेला लावा आग, आधी ती कुठे आहे ते तरी कळू दे.

मंडळाचा एक नियम होता, तो मात्र सांगायला हवा. कथा वाचून झाली की लेखकाने आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायचं, आणि चहा येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. लेखक बाहेरगावी गेलाय असं समजायचं, असं सर म्हणायचे. बोललात की तुम्ही कथेची वकिली करणार, म्हणून तोंडाला कुलूप. भिंतीला पुस्तकांची काचेची कपाटं होती. आत कुणी कधी न मागितलेले ग्रंथ आणि काचेत मागची सगळी मंडळी. त्यामुळे पाठ फिरवली तरी कोण जांभई देतंय ते मला नीट दिसायचं.

त्या उन्हाळ्यात माझ्या भावाचा फोन आला. माझं माहेर वणीच्या अलीकडे, द्राक्षाचं. वडील आदल्या वर्षी गेले होते. भाऊ माझ्याहून बराच लहान, मी कडेवर वागवलेला.

"ताई, शुक्रवारी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "तालुक्याच्या कचेरीत जाऊन येऊ. तुझी सही तेवढी हाय. मग घरीच जेवायला चल, तुझी भावजय पुरण घालनार हाय."

सही कसली, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्याकडे ते विचारत नाहीत. वडील गेले की बहिणीनं जमिनीवरचा हक्क भावाच्या नावानं सोडायचा. कुणी धमकावत नाही, कुणी हात पिरगाळत नाही. गाडी येते, साडी येते, कागद तयार असतो. सही केली की माहेर राहतं आणि जमीन जाते. नाही केली की जमीन राहते आणि माहेर जातं. दोन्ही ठेवून घेतलेली बाई मी आमच्या भागात पाहिलेली नाही.

आणि मला दोन्ही हवं होतं. स्पष्टच सांगते. जमीन विकायची नव्हती, कसायचीही नव्हती. वडिलांनी पहिली बाग लावली तेव्हा मांडवाच्या तारा ओढायला मी होते, तळहाताला चिरा पडल्या होत्या माझ्या. भाऊ तेव्हा बांधावर झोळीत झोपलेला. त्या सातबाऱ्यावर वडिलांच्या खाली माझं नाव दिसावं एवढीच माझी हाव होती. आणि भाऊबिजेला भाऊ पाटावर बसलेला दिसावा, हीसुद्धा. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमच्या घरचं आहे, तुम्ही ठरवा," आणि पेपरचं पान उलटलं. एवढं सहकार्य!

मग मी काय केलं, तर कथा लिहिली. मला कथेचं काही पडलं नव्हतं हो. मला सल्ला हवा होता आणि सरळ विचारायची लाज वाटत होती, म्हणून तो कथेत गुंडाळला. नायिकेला भाऊ गाडीतून नेतो, ती सही करते, पुरणपोळी खाते, साडी घेऊन एसटीने परत येते. रात्री साडीची घडी मोडत नाही, कपाटात ठेवून देते. संपली कथा. रविवारी वाचली, खुर्ची फिरवली आणि कपाटाच्या काचेत बघत बसले.

 मग सरांनी घसा साफ केला. "भाषा चांगली आहे. पण यात संघर्ष कुठाय?"

"तेच म्हणतो मी," विमावाले काका. "सही करते, जेवते, परत येते. यात घडतं काय? भावाला दारुडा करा."

"नवऱ्याला मोठा आजार द्या," मागून कुणीतरी म्हणालं. "उपचाराला पैसे हवेत. मग जमिनीला अर्थ येतो."

"परत येताना एसटीला अपघात?" काका पुन्हा. त्यांना राहवेना.

मी काचेत पाहत होते. माझा भाऊ दारू तर सोडा, सुपारीही खात नाही. माझा नवरा ठणठणीत आहे. आणि त्या एसटीत मी बसणार होते, मेल्यांनो!

तेवढ्यात बागायतदार म्हणाले, "मुळात भावाचं चुकलं काय? मला कळलं नाय. बहिणीचं लग्न केलं, दिलंघेतलं, वर तिला जमीन कशापायी? माझ्या बहिणींनी सह्या केल्या, हसत केल्या."

सिस्टरांच्या सुया थांबल्या. "हसताना तुम्ही पाहिलंत?"

"म्हणजे काय! समोरच होतो मी."

"समोर होतात म्हणूनच हसल्या असतील."

अहो, काय सांगू! ज्या खोलीत पाच मिनिटांपूर्वी संघर्ष औषधाला सापडत नव्हता, तिथे तो बाकड्याबाकड्यांवरून वाहायला लागला. बागायतदार उभे राहिले. काका म्हणाले, माझ्या बहिणीनं स्वतःहून सही केली, आम्ही एका शब्दानं बोललो नव्हतो. सिस्टर म्हणाल्या, न बोलता कसं मागतात ते आम्हाला शिकवू नका. कुणीतरी कायदा काढला, कुणीतरी संस्कार काढले, कुणाचा तरी आवाज इतका चढला की वाचनालयाचा शिपाई डोकावून गेला. आणि मी, जिच्या गळ्याशी ही सगळी गोष्ट आली होती ती, भिंतीकडे तोंड करून बाहेरगावी गेलेली.

"शांत व्हा!" सर ओरडले. "आपण कथेवर बोलतोय, कुणाच्या घरावर नाही. आपापली घरं बाहेर ठेवा. कथानकाच्या दृष्टीनं बघा. सगळी कथा त्या सहीच्या क्षणाकडे चाललीय आणि बाईंनी तिथेच माती खाल्लीय. नायिका पेन उचलते. कागदावर टेकवते. आणि खाली ठेवते! नाही म्हणते! पात्राला निर्णय घेऊ द्या ना. वाचक उभा राहील."

काका म्हणाले, वा. मागची दोन-तीन डोकी हलली. बागायतदारसुद्धा बसता बसता पुटपुटले, "हां, कथा म्हणून भारी होईल." काचेत मला ते सगळे मान डोलावताना दिसले. इतक्या शिकल्यासवरल्या माणसांनी मला एकमतानं सांगितलं होतं की सही करू नको. मग चहा आला आणि मी परगावाहून परतले.

शुक्रवारी भाऊ आला. हातात साडी, तीही येवल्याची पैठणी. ज्यानं मला रक्षाबंधनाला कधी रुमालापलीकडे काही दिलं नव्हतं, त्याच्या हातात पैठणी! तालुक्याच्या कचेरीत कागद तयार, साक्षीदार तयार, शाईचं पॅडसुद्धा उघडं. भावानं खिशातून स्वतःचं पेन काढून, टोपण उघडून माझ्या हातात दिलं. मी ते उचललं, कागदाला टेकवलं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "नाही रे. माझं नाव राहू दे. तूच कस, तूच खा, मला एक मणी नको. फक्त नाव राहू दे."

आता सांगा, वाचक उभा राहायला हवा होता की नाही? तिथे कुणीच उभं राहिलं नाही. पलीकडचा कारकून पान लावत होता, तो लावतच राहिला. साक्षीदारांनी एकमेकांकडे पाहिलं. भावानं पेनाला टोपण घातलं, खिशाला अडकवलं आणि म्हणाला, "बरं. ऊन लय हाय. रस घेती का?"

आम्ही कचेरीसमोर उसाचा रस प्यायलो. बर्फ कमी, मीठ-लिंबू जास्त, मला आवडतो तसा त्यानंच सांगितला. मग त्यानं मला स्टँडवर सोडलं, गाडी लागेपर्यंत थांबला, खिडकीतून पैठणीची पिशवी आत दिली. मी नको म्हटलं तर म्हणाला, "तुलाच आनलीय." पुरणाचं नाव त्यानं काढलं नाही. घरी चल, असंही म्हणाला नाही. एसटी निघाली तेव्हा मी ढसाढसा रडले, आणि शेजारच्या म्हातारीला वाटलं की मी सासरी चाललेय.

पुढच्या रविवारी मी कथेचा नवा शेवट वाचला. जसं झालं तसा. पेन खाली, भावाचं "बरं", उसाचा रस, खिडकीतून पिशवी. वाचलं आणि खुर्ची फिरवली.

सर पेटलेच. "अहो, आता तर विश्वासच बसत नाही! भाऊ रस पाजतो? त्याच्या तोंडची जमीन गेली आणि तो बर्फ किती घालायचा ते सांगतो? त्याचा राग कुठाय? निदान त्याला हात उगारू द्या. आयता संघर्ष पदरात पडला होता, तुम्ही तो रसाच्या गाड्यावर घालवलात!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा यायचा होता, नियम गेला चुलीत. मी खुर्ची खर्रकन फिरवली. "सर, हे झालंय. परवा शुक्रवारी. माझा भाऊ, माझी सही. तुम्ही म्हणालात ना पेन खाली ठेवा? ठेवलं."

 काका कपाकडे बघायला लागले, कप अजून आलेला नसताना. बागायतदारांनी "अरे बापरे" म्हटलं. सरांनी हातातला खडू बोटांत फिरवला. मग म्हणाले, "हे बघा बाई, घडलं म्हणून ते कथेत खरं वाटतंच असं नाही."

"कथेचं जाऊ द्या, सर. मी बरोबर केलं का?"

सरांनी खडू ठेवला, बोटं झटकली. आवाज एकदम घरातला झाला. "असं करायला नको होतं. भाऊ आहे तो. अहो, कथेत ठीक होतं."

कथेत ठीक होतं! म्हणजे कागदावरच्या बाईला त्यांनी माझ्याकडून पेन खाली ठेवायला लावलं, आणि खुर्चीवरच्या बाईला म्हणाले, सही करून टाकायची होतीस. काकांनी मान डोलावली. तीच मान, तसाच डोल. सिस्टरांनी विणकाम पिशवीत कोंबलं आणि चहाला न थांबता निघून गेल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मीही मंडळात जाणं बंद केलं.

त्या भाऊबिजेला भाऊ आला, बरं का. मी तर आशाच सोडली होती. पाटावर बसला. मी टिळा लावला, अक्षता लावल्या, ओवाळलं, तोंडात साखर घातली. ताटात त्यानं नोट ठेवली आणि तिच्या शेजारी तो घडी केलेला कागद. वर पेन. "ताई, यंदा ओवाळनी तू मला घाल," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. माझ्या हातात ताट, ताटात निरांजन जळतंय, त्याच्या कपाळावर माझं कुंकू ओलं. सर, ही घ्या तुमची रेघ! फळ्यावर कधी इतकी सरळ आली होती का? मला जमिनीवर नाव हवं, त्याला ते पुसून हवं, आणि दोघांनाही एकमेकं हवीत. कुणी ट्रकखाली जाणार नव्हतं, गारपीट होणार नव्हती.

मी कागद उचलून त्याच्या खिशात परत घातला. "हे सोडून दुसरं काही माग," म्हणाले. तो उठला, चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि "दार लावून घे," म्हणून गेला. नोट ताटातच होती. पुढच्या वर्षी पाट मांडला, रांगोळी काढली, दुपार झाली, संध्याकाळ झाली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, अहो, ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, तुम्हीही ओवाळा. मी त्यांना म्हटलं, मला भाऊ आहे. मग गच्चीत जाऊन ओवाळलं.

दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी, दिवाळीच्या आधी, शहरात एका दिवसाचं कथालेखन शिबिर होतं. सर अध्यक्ष. केस पांढरे झालेले, पण गोल आणि रेघ तशीच. मी मागे बसले होते. त्यांनी मला ओळखलं नसावं. "माझ्या एका विद्यार्थिनीची कथा सांगतो," ते म्हणाले. "बहीण सहीला नकार देते. पेन खाली ठेवते. आणि भाऊ? भाऊ भर कचेरीत तिच्या कानाखाली वाजवतो! तिथे कथा उभी राहते, मित्रांनो!" टाळ्या पडल्या. एका मुलीनं तर डोळे पुसले. मी माझ्या गालाला हात लावून बघितला. जिनं कधी भावाची चापट खाल्ली नाही, तिला फुकटात खायला घातली सरांनी! एकदा वाटलं, उठावं आणि सांगावं. मग वाटलं, सांगून हे काय म्हणणार, उसाचा रस? विश्वास बसत नाही.

खरं तर त्या दिवशी त्यानं मारलं असतं ना, तर मी त्याच्याशी भांडले असते. त्याचे केस ओढले असते, लहानपणी ओढायची तसे. तोही रडला असता, मीही रडले असते आणि महिन्याभरात भावजयीनं फोन केला असता. "बरं, रस घेती का" याच्याशी कसं भांडायचं, ते मला सरांनी कधी शिकवलं नाही. त्यांनाही येत नसणार.

त्या वर्षीही भाऊबिजेला मी पाट मांडला. नेसायला पैठणी काढली आणि पुन्हा घडी घालून ठेवली. संध्याकाळी ताट घेऊन गच्चीत गेले. द्वितीयेचा चंद्र म्हणजे नखाएवढा, पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला घाईघाईनं मावळायला निघालेला. त्याला कुंकू दाखवलं, ओवाळलं. म्हटलं, बाबा, तू बरा, तुझा सातबारा नाही. आणि माझ्याच विनोदाला हसत होते, तेवढ्यात खाली फोन वाजला. निरांजनाला पदराआड धरून मी जिना उतरले, अशी धावत की नवऱ्यानं दार उघडून धरलं.

फोन शेजारच्यांच्या घरात वाजत होता.